बारा ते चार

दुपारी बारा ते चार माणसाने तोंड उघडावं ते फक्त श्वास घेण्यासाठी, अशी ठाम समजूत असलेला एक माणूस लालबागला आमच्या चाळीच्या मागे राहायचा. मागे म्हणजे भिंतीपलीकडे, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. गिरणीची जागा कोर्टात अडकली होती आणि तोवर राखणीला म्हणून त्यांना तिथे ठेवलेलं होतं. राखण्यासारखं तसं काही उरलं नव्हतं. अर्ध्या आवारात आधीच टॉवर उभा राहिला होता. उरलेल्या अर्ध्यात गवत, पडक्या भिंती, एक पिंपळ आणि यांच्या कोंबड्या.

चाळ त्यांना तोंडावर काका म्हणायची आणि पाठीमागे मौनीबाबा. मीही म्हणायचे. वय सत्तरीला टेकलेलं, अंगाने काटकुळे, खाकी अर्धी चड्डी आणि बनियन हा बारमाही पोशाख. पायात कधीही काही नाही. मे महिन्यात गिरणीच्या फरशीवर पाय ठेववत नाही, पण हे अनवाणीच चालायचे. चपलेचा आवाज पाखरांना लागतो म्हणायचे. कोंबडी हा शब्द ते फक्त गिऱ्हाइकासमोर वापरत, एरवी पाखरं.

त्या वर्षी मला एकच काम होतं. बाबांना मे महिन्यातून सुखरूप बाहेर काढायचं. बाबा याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. दोन वर्षांपासून त्यांना काही आठवत नव्हतं. माझं नाव गेलं, आईचं गेलं, स्वतःचंही गेलं. आम्ही दोघंच तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं, "औषधं चालू ठेवा, पण खरं म्हणजे एवढा उन्हाळा सांभाळा. यांना तहान कळत नाही, उकाडा कळत नाही. तुम्हालाच कळायला हवं." मी घरून विम्याचे कागद तपासायचं काम करायचे. एक डोळा लॅपटॉपवर, एक बाबांवर. दुपार झाली की बाबा ओरडायला लागत. शब्द नसायचे त्यात, नुसता आवाज. कुणाला तरी लांबून बोलवावं तसा, तीन-तीन तास.

काकांचं आणि माझं नातं त्या ओरडण्यातून सुरू झालं. पण त्याआधी त्यांचा कारभार सांगायला हवा.

काका पाळायचे ते बॉयलर. पांढरं, जाड, बसकं पाखरू. शेडमध्ये पंख्याखाली वाढवायचं जनावर ते. काकांनी ते गवतावर वाढवायचं मनावर घेतलं होतं. गिरणीतल्या भंगारातून त्यांनी बिनतळाचे पिंजरे केले होते, बाजूंना जाळी आणि खाली नुसती जमीन. रोज पहाटे पिंजरा एक हात पुढे सरकवायचा, की पाखरांना नवं गवत, नवे किडे. हिवाळ्यात हे बघायला छान वाटायचं. टॉवरमधल्या बायका गाडी काढून यायच्या, मोकळ्यावरची कोंबडी म्हणून कौतुकाने न्यायच्या. एकीने विचारलं होतं, "अंकल, ये लोग हॅपी रहते हैं ना?" काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "श्वास घेतत." बाईने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर करायचं टाळलं.

एप्रिलच्या मध्यापासून मात्र सगळं बिनसायचं. या पाखराचं मांस वाढतं, काळीज तेवढंच राहतं. त्याला घाम नाही. उकडलं की तोंड उघडून धापा टाकायच्या, एवढाच त्याच्याकडे उपाय. त्यात मुंबईची हवा चिकट. घारी, मुंगूस, घुशी यांच्याशी काका बाराही महिने लढत. पण उन्हाळा आला की म्हणायचे, आता खरो गिऱ्हाईक इलो. सकाळी नऊला दाणा उचलून घ्यायचे, कारण भरल्या पोटाचं पाखरू आतून तापतं. गुळाचं, मिठाचं पाणी, पसरट घमेल्यांत बर्फाचे तुकडे. साडेअकराला पिंजऱ्यांच्या बाजू उचलून सगळ्यांना पिंपळाखाली सोडायचे आणि भोवती बुटकी जाळी लावून स्वतः त्यांच्या मधोमध जाऊन बसायचे. पाखरं त्यांच्याभोवती दाटीने बसत. एकदा बसले की चारपर्यंत उठायचं नाही. कारण त्या उकाड्यात दचकलेलं पाखरू उडतं, फडफडतं, धावतं आणि तेवढ्यानेच मरतं. भांडं पडलं तरी दोन-तीन जायची. म्हणून बारा ते चार आवाज नाही.

दुपारी दोनला आमच्या मागच्या गॅलरीतून खाली बघितलं की जे दिसायचं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. शंभर-सव्वाशे पांढरी पाखरं, सगळ्यांच्या चोची उघड्या, पंख अंगापासून जरासे सुटे, सगळी पश्चिमेला तोंड करून, कारण असलाच तर वारा तिकडून. एकाचाही आवाज नाही. आणि मधोमध हा माणूस, तोंड उघडं, हात अंगापासून जरासे सुटे, पश्चिमेला तोंड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग मी वाट बघत राहिले, की आता हे हलतील, नाक तरी खाजवतील. अर्धा तास गेला. हसू कधी थांबलं कळलं नाही. मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

चाळीलाही त्यांनी हळूहळू वळण लावलं होतं. मागच्या बोळातली मुलं सुट्टीत क्रिकेट खेळायची ती मुक्याने. चेंडूला ओलं फडकं गुंडाळलेलं, अपील नुसता हात वर करून, भांडण डोळे वटारून. कोणी ओरडलंच तर बाकीची त्याच्यावर धावून जायची, तीही आवाज न करता. बदल्यात दर रविवारी काका त्यांना अंडी द्यायचे. अंडी घरची नव्हेत, बॉयलर कुठली अंडी घालतात; बाजारातून विकत आणलेली. पलीकडच्या गल्लीत लग्न निघालं तर हे बँडवाल्यांना गाठून दोन-दोन पाखरं देत आणि वरात चारनंतर काढायला लावत. कुकरच्या शिट्ट्या बाराच्या आत. आमच्याकडच्या बायका कोणाच्या बापाचं ऐकणाऱ्यांतल्या नाहीत, पण यांचं ऐकायच्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला वाटतं थोडी भीती होती.

भीतीचं कारण त्यांची मोजायची सवय. काका बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नसत, छातीकडे बघत. ओठ हलत. यावरून एकदा नाक्यावर एका नव्या सुनेच्या नवऱ्याने त्यांची गचांडी धरली होती. लोकांनी मध्ये पडून समजावलं की बाबा, ते श्वास मोजतात. सोडलं बिचाऱ्याने, पण सुनेला सांगितलं, यांच्यासमोर जायचं नाही. भाजीवाल्या मावशींना मात्र एका सकाळी कोथिंबीर घेता घेता ते म्हणाले, "अठ्ठावीस. घराक जा." मावशी हसल्या, गिऱ्हाइकं हसली, मीही होते तिथे, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मावशी हॉस्पिटलात, फुप्फुसात पाणी. त्या बऱ्या होऊन परत आल्या, पण काका दिसले की पदर पुढे ओढून पाठमोऱ्या बसायच्या. आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळेच त्यांच्यासमोर श्वास जरा बेताने घ्यायला लागलो होतो.

ही सवय कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून गिरणीत हवा ओली ठेवावी लागते. काकांचं आयुष्य याच गिरणीत, हवा ओली ठेवायच्या खात्यात गेलं. मोठे पंखे, पाण्याचे फवारे, भिंतीतून गेलेली बोगद्यासारखी वाट. एका मे महिन्यात माल घाईचा होता आणि वरून सांगणं आलं, अजून ओली करा. काकांनी चाक फिरवलं. "त्या दिवशी सूत एकव तुटूक नाय," ते म्हणाले. आणि पुढे, "साच्यावरचो एक माणूस पडलो. उभो होतो, आनी पडलो. जवळच होतंय मी. धापा टाकी होतो, पण माका वाटला दमलो असतलो." त्या माणसाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, की हवा म्हणजे भांडं आहे, भरलं की भरलं, वर आणखी ओतलंत तर जाणार कुठे.

तर बाबांचं ओरडणं. एप्रिल संपता संपता एका संध्याकाळी काका जिना चढून वर आले. दारात उभं राहून आधी बाबांची छाती मोजली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुज्या बापाशीच्या आरडण्यान माजी पाखरां मरतत."

मी दिवसभराची वैतागलेली. म्हटलं, "मग काय करू? तोंडात बोळा कोंबू त्यांच्या?"

"खाली हाड तेका. पिंपळाखाली बसयतंय."

मी म्हटलं, विचार करते. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला वेड लागलंय. पण दुसऱ्या दिवशी बाबा साडेदहालाच सुरू झाले, ऑफिसचा फोन चालू, पत्र्यातून आग येत होती. मी मुकाट्याने त्यांना हाताला धरून खाली नेलं. काकांनी पिंपळाच्या बुंध्याशी एक खुर्ची टाकली. पाखरं बाबांच्या पायांशी येऊन बसली. बारा वाजले. मी जाळीबाहेर उभी होते, बाबा तोंड उघडणार आणि सगळा गोंधळ होणार याची वाट बघत.

काकांनी बाबांच्या डोळ्यांसमोर दोन बोटं हलवली, कात्रीसारखी. आणि बाबांनी उजवा हात उचलून अंगठा आणि बोट जुळवलं, पीळ दिल्यासारखं केलं.

मला कळायला वेळ लागला. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, साच्यांचा आवाज इतका असायचा की बोलून उपयोग नसे. तिथे सगळं हातांनी चाले. सूत तुटलं, जोडलं, मुकादम येतोय, चहाला चल. माझं नाव विसरलेल्या माणसाला ते सगळं येत होतं. त्या दुपारी दोघं दोन तास हातांनी बोलले आणि मग दोघंही गप्प झाले. मी वर आले, दार लावलं आणि रडले. बरं वाटलं म्हणून रडले, आणि आपल्याला हे दोन वर्षांत सुचलं नाही म्हणूनही.

पंधरा दिवस असे गेले. बाबा दुपारी खाली, पिंपळाच्या सावलीत, माझं काम निवांत. मी काकांना डब्यातून सोलकढी पाठवायला लागले. चाळीतल्या बायकांना सांगितलं की मौनीबाबा म्हणू नका. एवढी मी फिदा.

मग हळूहळू मला ते दिसायला लागलं. एका दुपारी सहज गॅलरीत गेले. खाली पांढरा समुदाय, सगळ्यांच्या चोची उघड्या, आणि मध्ये आता दोघं. बाबांचं तोंड उघडं होतं. हात अंगापासून सुटे. पश्चिमेला तोंड. मी बराच वेळ बघितलं, ते हलले नाहीत. संध्याकाळी घरी आणल्यावर ते जेवायला तोंड उघडत, पण दिवसा घास दिला की मान फिरवत. झोपेतही हात अंगाला लावत नसत. रात्री उठून मी ते खाली दाबायचे, ते पुन्हा सुटे व्हायचे. माझा बाप कुठे संपतो आणि ते पाखरू कुठे सुरू होतं, असले विचार डोक्यात यायला लागले. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

आणि दोरा. काका रोज संध्याकाळी पाखरांतून फिरत, एखाद्याला उचलून कानाशी धरत आणि कधी कधी त्याच्या पायाला लाल सुताचा तुकडा बांधत. गिरणीत उरलेलं सूत. पहिल्यांदा मला वाटलं, विकायची खूण. मग लक्षात आलं की लाल दोरा बांधलेलं पाखरू दुसऱ्या दिवशी मरतं. मी वरून लक्ष ठेवायला लागले. सात दोरे बघितले, सहा पाखरं गेली. काका ती उचलून भिंतीशी पुरायचे. मेलेलं पाखरू त्यांनी कधी विकलं नाही, दोरा मात्र सोडवून खिशात ठेवायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला आदल्या दिवशी कसं कळतं? "आवाज येता," म्हणाले. कसला, ते नाही.

मेचा तिसरा आठवडा असेल. संध्याकाळी बाबांना वर आणलं, मोरीत बसवून पाय धुवायला घेतले. डाव्या घोट्यावर लाल दोरा होता. दोन वेढे आणि नीट मारलेली गाठ.

मी बाबांना तसंच मोरीत बसवून खाली धावले. पाय धुतलेलं पाणी हाताला होतं. काका घमेली उपडी करत होते.

"माझ्या बापाला कोंबडी समजलात तुम्ही?"

त्यांनी वर बघितलं. माझ्या छातीकडे बघितलं. त्याने माझं डोकं आणखी फिरलं.

"आरडा नको," ते हळूच म्हणाले. "पाणी पयला कोणाक देवचा, ता कळूक नको? दोरो त्येच्यासाठी."

"मग दोरा बांधलेली सगळी मरतात कशी?"

"अशक्त असतत म्हणान दोरो बांधतंय. दोरो बांधतंय म्हणान मरनत नाय."

हे सरळ होतं, आज मला सरळ वाटतं. त्या दिवशी मला त्यात फक्त एवढंच ऐकू आलं, की या माणसाने माझ्या बापाचा आवाज ऐकला आहे आणि तो उद्या-परवाकडे जाणार, असं ठरवून टाकलं आहे. मी नको ते बोलले. करणी-बिरणी असे शब्दही तोंडातून गेले. मी ग्रॅज्युएट बाई, गिरणगावात वाढलेली, आणि माझ्या तोंडून करणी. मी वर आले, कात्रीने दोरा कापला आणि केराच्या डब्यात टाकला. मग डब्यातून काढून गॅसवर जाळला.

दुसऱ्या दिवशी दादरहून कूलर आणला. मोठा, पाण्याचा, गवताच्या पडद्यांचा. दुकानदाराने खात्री दिली, पंधरा मिनिटांत खोली थंड. खिडक्या बंद ठेवा म्हणाला, की त्याने ते सांगितलंच नाही आणि मीच ठेवल्या, ते आता आठवत नाही. पहिले दोन दिवस बाबा ओरडले, पण कमी. मी स्वतःवर खूश होते. जे काम एका वेड्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलं होतं, ते मला पैसे टाकून घरात करता आलं होतं. काका खाली एकटेच बसलेले दिसत. मी गॅलरीत जायचं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून वारा पडला. आभाळ राखाडी, ऊन नाही पण काहिली दुप्पट. मी कूलरची टाकी काठोकाठ भरली, खिडक्या लावल्या, दाराखाली फडकं दिलं. बाबा बारा वाजता आडवे झाले आणि गप्प झाले. ओरडले नाहीत. मी त्यांच्या पलंगाला टेकून खाली बसले होते, मांडीवर लॅपटॉप. त्यांचा हात माझ्या खांद्यापासून वीतभर. मधे मधे बघत होते. तोंड उघडं होतं, छाती हलत होती. म्हटलं, झोपलेत. कूलर घरघरत होता, भिंतीवरून पाण्याचे ओघळ येत होते. कागद हाताला ओले लागत होते. मला तो गारवाच वाटला.

सव्वादोनच्या सुमारास जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. धावती. दारावर थाप नाही, दार लोटूनच काका आत आले. त्यांना मी दुपारी दोन वाजता उभं असलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी बाबांकडे बघितलंही नाही, आधी कूलरचं बटण बंद केलं. मग खिडक्या उघडल्या, दोन्ही, धाडकन.

"भरलेल्या भांड्यात आनी पाणी ओततस? पंखो लाव. पाय भिजय तेचे, बनियान काढ."

मी बाबांच्या कपाळाला हात लावला. तवा. कोरडं ठणठणीत. डोळे अर्धे उघडे आणि त्यांत कोणी नव्हतं. मी हात लावेपर्यंत, वीतभर अंतरावर बसून, मला हे कळलं नव्हतं. काकांनी खाली वाकून बाबांच्या छातीवर कान ठेवला आणि मोजायला लागले, मोठ्याने, दुपारी सव्वादोनला. मी ओले टॉवेल घालत होते, पंख्याचा वारा लागत होता, काका मोजत होते. त्रेचाळीस. चाळीस. गल्लीतले डॉक्टर फोनवरून लगेच निघाले, पण पोचेपर्यंत तीन वाजले. तोवर बाबांनी एकदा डोळे मिटून उघडले होते आणि माझ्या हातातलं पाणी चमच्याने घेतलं होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, अर्धा तास आणखी गेला असता तर मला बोलवून उपयोग नव्हता. कूलरकडे बघून त्यांनी मान हलवली.

मी वळून बघितलं तर काका नव्हते.

साडेपाचला बाबा नीट झोपले. शेजारच्या काकूंना बसवून मी मागच्या गॅलरीत गेले. पिंपळाखालून भिंतीतल्या छोट्या दारापर्यंत एक वाट दिसत होती. मोकळी, जेमतेम एका माणसाच्या रुंदीची. तिच्या दोन्ही बाजूंना पाखरं पडलेली होती, वाटेला लागून जास्त, लांब जावं तशी कमी. जाळीपाशी ढीग झाला होता. अगदी कोपऱ्यात काही जिवंत होती, त्यांच्या चोची अजून उघड्या. ती पश्चिमेला नव्हती बघत. आमच्या चाळीकडे तोंड करून बसली होती. वारा फिरला असेल, मी मनाशी म्हटलं. झाडाचं पान हलत नव्हतं.

खाली गेले. काका एकेक पाखरू उचलून गोणीत घालत होते, हळू, झोपलेलं मूल उचलावं तसं. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती त्यांना दिसावी असंही वाटत होतं.

"काका, माझ्यामुळे झालं हे सगळं."

"तुज्यामुळा नाय गो." त्यांनी गोणीचं तोंड सरळ केलं. "उठलंय तेव्हाच माका म्हायत होता, ही जातली. पण तुज्या बापाशीन हाक मारल्यान, मग काय करतलंय?"

"ओरडत होते?"

"आरडणा वेगळा. ही हाक. माका नावान मारल्यान. दोनदा. गिरणीच्या गेटार मारी ना, तशी." ते माझ्याकडे बघत होते, पहिल्यांदाच तोंडाकडे. "इतक्या वर्सांन तेका माजा नाव आठवला. बरा वाटला माका."

मी त्या खोलीतच होते. वीतभर अंतरावर, कानात काही न घालता. बारा वाजल्यापासून बाबांच्या तोंडातून आवाज निघाला नव्हता.

मी ते त्यांना सांगितलं नाही. खाली वाकले आणि दुसरी गोणी उघडून धरली.